मोशन ऑफेन्स: १४ वर्षांखालील मुलींना पास दिल्यावर हलायला कसं शिकवायचं

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुमच्या शाळेचा १४ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ आहे. बारा मुली, सिमेंटचं एक कोर्ट, चार बॉल. गेल्या वर्षी तुम्ही तीन सेट प्ले, म्हणजे आधी ठरवलेल्या चाली, पाठ करून घेतले, सरावात ते छान बसले, आणि जिल्हा स्पर्धेत पहिल्या पाच मिनिटांतच मुली ते विसरल्या. मग बॉल सारखा ड्रिबल चांगलं करणाऱ्या एकाच मुलीकडं, आणि बाकीच्या चौघी तिच्याकडं बघत उभ्या. समोरचा संघ २-३ झोन लावून बसलेला, म्हणजे पुढं दोघी आणि मागं तिघी आपापली जागा राखून बचाव करणाऱ्या. आता आठ आठवडे हातात आहेत. एवढ्यात मोशन ऑफेन्स, म्हणजे ठरलेल्या चालींऐवजी थोड्या नियमांवर सगळ्यांनी सतत हलत केलेलं आक्रमण, शिकवता येईल का, की या वयाला तो जड जाईल?

येईल, आणि शिकवाच. फक्त मोशनच्या नावाखाली व्हिडिओत जे जे दिसतं ते सगळं घेऊन बसू नका. स्क्रीन (मैत्रिणीवरच्या बचाव करणारीची वाट अंगानं अडवणं), हँडऑफ (बॉल हातात देणं), पोस्टमधले, म्हणजे रिंगजवळचे, कट हे सगळं यंदा बाजूला ठेवा. या हंगामाला तीन नियम पुरे. पास दिला की रिंगकडं कट मारायचा, म्हणजे झपकन धाव घ्यायची. आपल्यावरची बचाव करणारी पासच्या वाटेत आली की तिच्या पाठीमागून रिंगकडं जायचं. आणि शेजारची जागा रिकामी झाली की ती भरायची. हे तीन अंगात भिनले तर तुमचा संघ जिल्ह्यातल्या बहुतेक संघांपेक्षा वेगळा खेळताना दिसेल.

सेट प्ले फसले त्यात मुलींचा काही दोष नाही. सेट प्लेमध्ये प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून असतं. दुसरा पास अडला की तिसरं-चौथं पाऊल आपोआप बाद होतं, आणि मग काय करायचं हे त्या मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं. ती थांबते आणि सगळ्यात भरवशाच्या मैत्रिणीकडं बॉल टाकून मोकळी होते. मोशनमध्ये पुढं काय करायचं ते समोरची बचाव करणारी कुठं उभी आहे त्यावरून ठरतं. म्हणजे मुलीला पाठांतर कमी आणि बघायचं जास्त असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना हे जड जातं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना जड जातं ते पाठांतर.

या पद्धतीचं नाव निघालं की अमेरिकेतले कॉलेज प्रशिक्षक बॉब नाइट आठवतात. त्यांच्या इंडियाना विद्यापीठाच्या संघानं १९७५-७६ च्या हंगामात ३२ पैकी ३२ सामने जिंकले आणि मोशन ऑफेन्सचा बोलबाला झाला. पण ती निवडून आणलेली कॉलेजची मुलं होती, त्यांचे स्क्रीनचे धडे तुमच्या सातवीच्या मुलींना लागू नाहीत. तुमच्या कामाची गोष्ट त्याहून जुनी आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली हा खेळ काढला तेव्हाच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हतंच. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथं पकडला तिथूनच टाकायचा. पहिले दोन आठवडे तुमचा सराव याच नियमानं चालवा. ड्रिबल बंद केलं की उभं राहून भागत नाही, बाकीच्यांना हलावंच लागतं.

त्याआधी पायांचं एक काम आहे. धावत येऊन बॉल पकडताना दोन्ही पायांवर एकदम थांबणं, म्हणजे जंप स्टॉप, आणि मग एक पाय रोवून रिंगकडं वळणं, म्हणजे पिव्हट. मोशनचा सगळा डोलारा यावर उभा आहे, कारण रिंगकडं पाठ करून उभ्या असलेल्या मुलीला कट मारणारी मैत्रीण दिसणारच नाही. आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर बारीक माती बसलेली असते, मुली घसरतात, घसरायच्या भीतीनं चार पावलं टाकत थांबतात आणि ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात घेऊन चालण्याची चूक, होते. सरावाआधी दोघींनी कोर्ट झाडून घ्यायचं हा नियम करा. रोज दहा मिनिटं जंप स्टॉप, पिव्हट, चेस्ट पास (छातीपासून सरळ) आणि बाउन्स पास (जमिनीवर टप्पा देऊन), एवढंच. पाऊस असेल आणि कोर्ट ओलं असेल तर हे व्हरांड्यातही होतं. शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्याच्या आगेमागे सुरू होतात, त्यामुळं असे दिवस येणारच. ते वाया घालवू नका.

आता अंतराचं बघू. पाच जागा आखा: वर मधोमध एक, दोन बाजूंना विंगच्या दोन, आणि दोन कॉर्नर. पाचही जणी बाहेर, रिंगखाली कुणी नाही. तीन गुणांच्या रेषेवर या जागा सारख्या अंतरानं आखल्या तर दोन जागांमध्ये साधारण ५ मीटर पडतात. पुस्तकात हे ठीक दिसतं. पण तेरा वर्षांच्या मुलीचा चेस्ट पास पाच मीटर सरळ जातो का, ते आधी बघा. जात नसेल तर ती बॉल वर उंच टाकते आणि समोरची मधेच उचलून घेऊन जाते. तसं असेल तर जागा रेषेच्या एक मीटर आत घ्या, अंतर साडेचार मीटरच्या आत येईल. पासच्या ताकदीवरून अंतर ठरवायचं, रेषेवरून नाही. हात मजबूत झाले की जागा बाहेर सरकवा. खुणा फक्कीनं केल्या तर दोन दिवसांत पुसल्या जातात, त्यापेक्षा ऑइलपेंटचे वाटीएवढे ठिपके मारून टाका. मुख्याध्यापकांची परवानगी मात्र आधी घ्या.

सरावाला तीन विरुद्ध तीन खेळवा. तुमच्याकडं बारा मुली आणि दोन रिंगा आहेत. प्रत्येक रिंगवर तीन विरुद्ध तीन म्हटलं की बाराच्या बारा खेळतात, कुणी रांगेत उभं राहत नाही, आणि बॉल दोनच लागतात. पाच विरुद्ध पाच खेळताना एकेका मुलीच्या हाताला बॉल किती कमी लागतो ते एकदा बाजूला उभं राहून बघा.

आणि बचावाशिवायची कवायत, म्हणजे पाच जणी समोर कुणी नसताना पास देत गोल-गोल फिरतायत, ती शक्य तेवढी टाळा. जागा समजावून सांगण्यापुरती पाच मिनिटं पुष्कळ झाली. बघणाऱ्याला ती फार सुबक वाटते, आणि तिथंच फसगत होते. मुलीनं वाचायचं आहे ते समोरच्या बचाव करणारीला, आणि तीच नसेल तर वाचायचं काय? मग मोशनही पाठांतर होऊन बसतो आणि तुम्ही पुन्हा गेल्या वर्षीच्याच ठिकाणी येता.

पहिला नियम, पास आणि कट. वरच्या मुलीनं विंगला पास दिला. आता तिनं सरळ रिंगकडं पळू नये. आधी एक पाऊल पासच्या उलट दिशेला टाकायचं, बचाव करणारी तिकडं झुकली की तिच्या पुढून, बॉलच्या बाजूनं आत शिरायचं, हात वर, नजर बॉलवर. बचाव करणारी झुकली नाही, पुढंच उभी राहिली, तर तिच्या मागून. पुढून की मागून हे तुम्ही बाहेरून ओरडून सांगायचं नाही, मुलीनं बघून ठरवायचं. चुकीच्या बाजूनं गेली तरी खेळ थांबवू नका. कट संपल्यावर एकच विचारा, “ती कुठं उभी होती?” पहिल्या आठवड्यात उत्तर येत नाही, कारण तिनं बघितलेलंच नसतं. पण सारखं विचारलं जाणार आहे हे कळलं की मुली बघायला लागतात.

बॉल मिळाला नाही तर रिंगखाली थांबायचं नाही. तिथं तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायला नियमानंच मनाई आहे, शिवाय ती थांबली की पुढच्या कटची वाट बंद होते. पलीकडच्या रिकाम्या कॉर्नरला बाहेर पडायचं.

इथं एक अडचण हमखास येते. सातवीतली एक मुलगी मन लावून कट मारायची, दोन-तीन दिवस मारत राहिली, आणि मग पास देऊन जागच्या जागी उभी राहू लागली. विचारलं तर म्हणाली, “पळाले की सर मी. बॉल तर येतच नाही.” तिचं म्हणणं खरं होतं. मी खेळ थांबवून सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि तिला पुन्हा कट मारायला लावला, अगदी चालत. तिच्यावरची बचाव करणारी तिच्यासोबत आत गेली. विंगवरच्या मुलीसमोर रिंगपर्यंत मोकळं मैदान झालं. मग तिलाच विचारलं, “ही वाट कुणी मोकळी केली?” त्या दिवसापासून तिचा कट थांबला नाही. प्रत्येक मुलीला हे एकदा तरी डोळ्यांनी दिसलं पाहिजे, नुसतं सांगून पटत नाही.

आणि दाखवून झालं की गुणांतही आणा. सरावातल्या तीन विरुद्ध तीनमध्ये बास्केटचे दोन गुण ठेवाच, पण कट मारणारीला आत बॉल मिळाला की एक गुण, बास्केट होवो न होवो. आणि पास देऊन कुणी उभी राहिली तर बॉल समोरच्या संघाला. मुलींना गुण फार कळतात. आठवडाभरात कोर्टवर आवाज वाढतो, एकमेकींना “जा ना, जा!” असं त्याच सांगायला लागतात. हा आवाज मला झालेल्या बास्केटपेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरा नियम बॅकडोअरचा, म्हणजे पाठीमागून आत शिरण्याचा. मुलींना हे सांगायची सोपी खूण हवी, नाहीतर प्रत्येक वेळी त्या बुचकळ्यात पडतात. तुम्ही आखलेल्या ठिपक्यांना जोडणारी कमान डोळ्यांपुढं धरा. बॉल शेजारच्या जागेवर आहे आणि माझ्यावरच्या बचाव करणारीनं मला पास मिळू नये म्हणून त्या कमानीवर पाय ठेवला, तर मी बॉलची वाट बघत बसत नाही, तिच्या पाठीमागून थेट रिंगकडं जाते. बॉल असलेल्या मुलीनं बाउन्स पास द्यायचा. हा पास सुरुवातीला पुष्कळ वेळा चुकेल, कारण कट मारणारी जिथं आहे तिथं तो जातो, जायला हवा तिच्या पुढं. चुकू द्या. दोन-तीनदा पाठीमागून बास्केट झालं की समोरच्या मुली अंगावर यायच्या थांबतात आणि तुमचा साधा पासही सोपा होतो.

इथं मराठवाड्यातल्या शिक्षकाला एक मोठी सोय आहे. आपल्याकडं खो-खो घराघरात आहे. अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवचीच. तुमच्या बारा जणींत खो-खो खेळलेल्या तीन-चार तरी असतीलच. खो-खोत पळणारी मुलगी पाठलाग करणारीच्या खांद्याकडं आणि पायाकडं बघून हुलकावणी देते, ती कुठल्या बाजूला झुकली ते तिला दिसतं. बॅकडोअर कटला नेमकी हीच नजर लागते. या मुलींना पहिल्या गटात ठेवा आणि “खांबाजवळ कशी हूल देतेस, तशीच इथं दे” एवढंच सांगा. बाकीच्या त्यांचं बघून शिकतील. ड्रिबल कच्चं म्हणून अशा मुलीला राखीव बाकावर बसवलेलं दिसलं की मला वाईट वाटतं.

तिसरा नियम जागा भरण्याचा. कट मारणारीची जागा रिकामी झाली की शेजारच्या जागेवरची तिथं येते, तिची जागा तिच्या पुढची भरते. यात फक्त वेळेवर लक्ष ठेवा. मुली लवकर येऊन उभ्या राहतात आणि तोपर्यंत बॉल असलेली मुलगी दुसरीकडं बघत असते. तिनं आपल्याकडं तोंड वळवलं की मग झपकन यायचं. येतानाही बचाव करणारी वाट अडवत असेल तर तोच दुसरा नियम, पाठीमागून रिंगकडं.

आता तुमच्या त्या एका मुलीबद्दल. तिच्याकडून ड्रिबल काढून घेऊ नका. तिचा उत्साह गेला तर संघाचा अर्धा जीव जाईल. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांनाच ड्रिबल बंद असतं, त्यामुळं तिला एकटीला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकीला दोन ड्रिबल द्या, आणि तेही एकतर रिंगकडं जायला किंवा पासची वाट उघडायला. जागेवर उभं राहून बॉल आपटणं बंद. ती रिंगकडं घुसली की तिच्या बाजूच्या कॉर्नरची मुलगी तिथंच थांबते, म्हणजे बाहेर पास द्यायला जागा राहते, आणि बाकीच्या तिघी ती ज्या दिशेनं गेली त्याच दिशेला एकेक जागा सरकतात. ती ड्रिबल करत एखाद्या मैत्रिणीच्याच दिशेनं आली, तर त्या मैत्रिणीनं उभं न राहता बॅकडोअर जायचं. हे चौथ्या आठवड्याच्या आधी शिकवू नका. पालक किंवा शाळेतले सहकारी म्हणतील, “तिलाच द्या ना बॉल, जिंकू आपण.” तालुक्याला जिंकालही. पण विभागाला समोरचा संघ तिच्यावर दोघी लावतो, आणि बाकीच्या चौघींनी वर्षभर हातात बॉल धरलेलाच नसतो.

उंच मुलीलाही असंच. तिला रिंगखाली रोवून ठेवू नका. तेराव्या वर्षीची उंची शेवटची नसते. आज सगळ्यात उंच असलेली मुलगी सतराव्या वर्षी मध्यम असू शकते, आणि तेव्हा तिला बाहेरून खेळता आलं नाही तर ती खेळातून बाहेर पडते. पाचही जणी बाहेरच्या जागांवर फिरतात म्हणून मला ही मांडणी या वयाला सगळ्यात न्याय्य वाटते.

झोनबद्दल तुमची चिंता योग्य आहे. लहान गटांत झोन बचावाला कित्येक देशांत बंदी आहे, कारण त्यात मुलं बचाव करायलाही शिकत नाहीत आणि कट मारायलाही. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत तो चालतो, म्हणून संघ तो लावतात आणि लांबून शॉट न बसणाऱ्या मुलींपुढं तो यशस्वी होतो. पण त्यासाठी वेगळा ऑफेन्स शिकवायची गरज नाही. नियम तेच ठेवा, बदल एकच. झोनपुढं कट मारणारी थेट रिंगखाली न जाता फ्री थ्रो रेषेच्या मधोमध, वरच्या दोघी आणि मागच्या तिघी यांच्यामधल्या पोकळीत थांबते, बॉलकडं तोंड करून. तिला तिथं बॉल मिळाला की मागची मधली मुलगी पुढं येते, आणि कॉर्नरमधली मुलगी रिंगच्या बाजूनं आत घुसते. बॉल मिळाला नाही तर दोन सेकंदांत तिनं बाहेर पडायचं आणि दुसरीनं यायचं. बॉल एका जागी फार वेळ धरायचा नाही. झोनमधल्या मुली सरकतात, पण बॉलइतक्या वेगानं कुणीच सरकत नाही. तुम्ही स्वतः मात्र सरावात आणि सामन्यात मॅन टू मॅनच, म्हणजे एकीनं एकीवर बचाव, लावा. सरावात समोर मॅन टू मॅन नसेल तर वरचे तीन नियम शिकताच येणार नाहीत.

आठवड्यांचं गणित ढोबळ ठेवा. पहिले दोन आठवडे ड्रिबलशिवाय तीन विरुद्ध तीन, पास-कट आणि जागा भरणं. पुढचे दोन बॅकडोअर आणि दोन ड्रिबल. पाचव्यात चार विरुद्ध चार. पाच विरुद्ध पाच सहाव्या आठवड्यात आणा, त्याआधी मुलींनी कितीही हट्ट केला तरी नको. शेवटचे दोन आठवडे पूर्ण कोर्टवर खेळा, आणि समोरच्या संघाला पूर्ण कोर्ट प्रेस, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन बचाव, लावायला सांगा, कारण या गटात प्रेस हमखास लागतो आणि आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडताना मुली घाबरतात. प्रेस फोडायलाही वेगळं काही नको: पास द्या, पुढं पळा, मागची जागा दुसरीनं भरा. गेल्या वर्षीच्या तीन सेट प्लेंपैकी रिंगमागच्या रेषेवरून बॉल आत टाकायचा एक तेवढा ठेवा, तिथं ठरवलेलं उपयोगी पडतं. बाकीचे दोन सोडून द्या. सकाळचा सव्वा तास पुरतो, ऊन चढायच्या आत संपवा आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून आणायला सांगा.

स्क्रीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बघणारे सुचवतील. पुढच्या वर्षी. या वयात स्क्रीन लावणारी मुलगी स्थिर राहत नाही, धक्का लागतो, फाउल जातो, आणि दोन मुली एकत्र आल्या की त्यांच्यावरच्या दोघीही तिथं येतात. कष्टानं मिळवलेलं अंतर असं हातानं घालवायचं कशाला?

पहिल्या एक-दोन सराव सामन्यांत बॉल हातातून जाण्याचं प्रमाण वाढेल, गुणफलक वाईट दिसेल. त्या वेळी पुन्हा “सगळ्यांनी तिलाच द्या” यावर येऊ नका. राखीव बाकावरच्या एका मुलीला वही द्या आणि दोनच गोष्टींच्या रेघा मारायला सांगा: पास देऊन कोण उभं राहिलं, आणि कट मारणारीला आत बॉल किती वेळा मिळाला. पहिल्या रेघा कमी होत गेल्या आणि दुसऱ्या वाढत गेल्या की गाडी रुळावर आहे, मग निकाल काहीही असो. टाइम आउटमध्ये हीच वही उघडा. बाकावरून दोनच शब्द ओरडा, “कट” आणि “जागा”. यापेक्षा जास्त सांगितलं तर मुली खेळ सोडून तुमच्याकडं बघतात.

जमल्यास एखादा सराव सामना मोबाइलवर घ्या. बाजूच्या रेषेवरून घेतला तर अंतर कळत नाही. रिंगच्या मागून, शाळेच्या गच्चीवरून किंवा जिन्यातून उंचावरून घ्या, म्हणजे पाचही जणी एका चौकटीत येतात. मुलींना दाखवताना प्रत्येकीला एक मिनिट फक्त स्वतःकडं बघायला सांगा, बॉलकडं नाही. चौथ्या आठवड्यातला असा व्हिडिओ आणि वहीतल्या रेघा पाठवल्यात तर पुढं ड्रिबल वाढवायचं की बॅकडोअरवरच थांबायचं, ते मला नेमकं सांगता येईल.